मैनाबीचं नाव

गेल्या रमजानच्या आधी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती. अकीक्याला चार दिवस उरले होते आणि घरात नावावरून वाद सुरू होता. त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली. तिचं नाव मैनाबी. तेच नाव मुलीला द्यायचं त्याच्या मनात होतं. पण त्याच्या खालाच्या मुलानं हरकत घेतली. मैना हे पाखराचं नाव, त्यातही हिंदूंचं, आणि मोबाइलवरच्या इस्लामी नावांच्या यादीत ते कुठंच नाही, असं त्याचं म्हणणं. “सर, तुम्ही उर्दूही शिकवता आणि मराठीही. हे नाव ठेवलं तर गुनाह होईल काय?”

मी म्हटलं, खुशाल ठेव. पण फोन ठेवल्यावर मलाच चैन पडेना. उत्तर देऊन मोकळं होणं सोपं होतं, त्याला कारण द्यायला हवं होतं. म्हणून हा लेख.

आमच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर उघडलं तर आईच्या नावांच्या रकान्यात मैनाबी, हिराबी, चाँदबी, गुलाबबी अशी नावं ओळीनं दिसतात. वडिलांमध्ये दगडूभाई सापडतो, बाळूभाईही. आताच्या रजिस्टरात फहद, अरहम, आयत, इनाया. नवी नावं गोड आहेत, माझी तक्रार नाही. पण जुनी नावं चुकून, अडाणीपणातून ठेवली होती असं कुणी म्हणू लागलं की मी अडतो.

आधी पाखराचा आक्षेप घेऊ. जनावरांची नावं माणसाला देणं इस्लामला मंजूर नसतं तर पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या अवतीभवतीची निम्मी माणसं ओळखताच आली नसती. हजरत अबू बक्र यांच्या नावातला ‘बक्र’ म्हणजे तरुण उंट. हजरत अबू हुरैरा म्हणजे मांजरीच्या पिल्लाचे बाबा. असद म्हणजे सिंह. हजरत अली (रजि.) यांची आई फातिमा बिंत असद, म्हणजे सिंहाची लेक. तिनं आपल्या मुलाचं नाव ठेवलं हैदर, त्याचाही अर्थ सिंहच. भाष्यकार सांगतात, तिनं आपल्या बापाचं नाव मुलात उतरवलं. खैबरच्या लढाईत अलींनी, माझ्या आईनं माझं नाव हैदर ठेवलंय, असं शत्रूला बजावलं होतं. माझ्या विद्यार्थ्याला आईचं नाव मुलीत उतरवायचं होतं, तेव्हा मला ही फातिमाच आठवली.

खुद्द पैगंबरांच्या वंशावळीत कुसय्य यांच्या वडिलांचं नाव किलाब आहे. किलाब हे ‘कल्ब’चं अनेकवचन, म्हणजे कुत्रे. अरब आपल्या पोरांना अशी नावं का देत, याचं एक कारण इब्न दुरैद या भाषापंडितानं (मृत्यू 933) नोंदवून ठेवलं आहे. एका अरबाला विचारलं गेलं, तुम्ही मुलांना अशी खरबरीत नावं देता आणि गुलामांना मात्र सुंदर, असं का? तो म्हणाला, मुलांची नावं शत्रूसाठी असतात, गुलामांची आमच्यासाठी. आपल्याकडं दगडू, धोंडू, केरबा ही नावं अशाच जातीची. फक्त इथं घाबरवायचं शत्रूला नव्हतं, चकवायचं मरणाला होतं. लागोपाठ मुलं गेली की पुढच्याला दगड म्हणायचं, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. मुसलमानांच्या घरी दगडूभाई झाला तो यामुळंच.

पैगंबरांनी काही लोकांची नावं बदलली, हे खरं आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात त्यांची यादीच आहे. त्यात गुराब, म्हणजे कावळा, हे नावही आहे. तेव्हा प्रत्येक जनावराचं नाव चालतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. जहश यांच्या मुलीचं, आपल्या उम्मुल मोमिनीनचं, मूळ नाव होतं बर्रा, म्हणजे पुण्यवान. पैगंबरांनी ते बदलून जैनब ठेवलं. आपणच आपल्याला पुण्यवान म्हणवून घेऊ नये, हा त्यामागचा विचार. तिच्या बापाच्या नावाचा, जहशचा, अर्थ गाढवाचं शिंगरू. ते तसंच राहिलं आणि आजही आपण आदबीनं ‘जैनब बिंत जहश’ म्हणतो. बदललं ते नाव अरबीच होतं आणि अर्थानं तर सात्त्विक होतं. अडचण जनावराची नव्हती, बढाईची होती. मोबाइलवरच्या याद्यांत ‘अत्यंत पवित्र’, ‘सर्वश्रेष्ठ’ असे अर्थ बघून नावं निवडणाऱ्यांनी ही हदीस एकदा वाचावी.

तसं पाहिलं तर आपल्या गल्लीतला युनूसही पाखरूच आहे. हिब्रूत ‘योना’ म्हणजे कबुतर. तेच नाव अरबीत युनूस झालं. हिब्रूत राहेल म्हणजे मेंढी आणि दबोरा म्हणजे मधमाशी. युरोपात लिओ सिंह आहे, ब्योर्न अस्वल आहे. आणि कुरआनमध्ये गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, हत्ती यांच्या नावाच्या सूरा आहेत, हे मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप अवघड आहे. मैना हिंदूंची की मुसलमानांची? या पाखराला मराठीत साळुंकी म्हणतात, संस्कृतात सारिका. शाळेच्या रजिस्टरात जिथं जिथं सारिका पाटील, सारिका कांबळे येतात, तिथं त्या आमच्या मैनाबीच्याच नावाच्या आहेत. चौदाव्या शतकात जियाउद्दीन नख्शबी यांनी संस्कृत शुकसप्ततीवरून फारसीत ‘तूतीनामा’ लिहिला. त्यात व्यापारी परदेशी जातो आणि घरी पोपट नि मैना ठेवतो. मालकिणीला नको ते पाऊल टाकताना मैना तोंडावर अडवते आणि जीव गमावून बसते. पोपट शहाणा, तो रोज रात्री एक गोष्ट सांगून तिला घरात गुंतवून ठेवतो. हीच कथा गोवळकोंड्याच्या दरबारातला कवी गव्वासी यानं 1639 मध्ये दखनीत आणली. दखनी म्हणजे आपल्या आजीची बोली. त्यामुळं मैनाबी हे नाव शेजाऱ्यांकडून उसनं घेतलेलं नाही. आपल्याच भाषेच्या पुस्तकात ते पाखरू पावणेचारशे वर्षं बसलेलं आहे. (पोपटाची गोष्ट मात्र वेगळी झाली. ‘पोपट झाला’ हा वाक्प्रचार रूढ झाल्यापासून पोपटराव नावाचा मुलगा मी वर्गात पाहिलेला नाही.)

कोल्हापुरात तर एकच जनावर कितीतरी भाषांतून हिंडतं. असद, हैदर, गजनफर, जैगम, लैस, उसामा, फारसीतला शेर, तुर्कीतला अर्सलान, सगळे सिंह. इकडं विक्रमसिंह, रणजितसिंह, उदयसिंह घरोघरी. तालमीतून उठलेला पैलवान हिंद केसरी होतो, केसरी म्हणजेही आयाळवाला सिंह. गंमत अशी की सह्याद्रीत सिंह कुणी पाहिलाच नाही. राधानगरी-दाजीपूरच्या रानाला ठाऊक आहे तो वाघ. सिंह आपल्या दोघांच्याही घरात आला तो पोथ्यांतून आणि किताबांतून. फारसीत सिंह असलेल्या ‘शेर’चा इकडं बोलण्यात वाघ झाला, तो इथल्या रानामुळं.

फहदचंही असंच. अरबीत फहद म्हणजे चित्ता. ‘चित्ता’ हा शब्द संस्कृतातून आलेला, अंगावर ठिपके असलेला. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकडून काळविटाची शिकार होत असे. इथले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. त्यांना पाळणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर नेणारे, यांत मुसलमान घराणी होती. त्यांच्या पणतवंडांपैकी कुणाचं नाव आज फहद असेल, तर त्याला ते अरबस्तानातून आलंय असं वाटत असणार. पणजोबांच्या हाताला मात्र त्या जनावराचा वास होता.

आणि घोरपडे. हे आडनाव आहे, पण त्याची गोष्ट सोडवत नाही. 1470 च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावान यानं खेळणा किल्ला घेतला, तोच आपल्या जिल्ह्यातला आजचा विशाळगड. मुधोळच्या घराण्याची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तो कडा चढले आणि सुलतानानं त्यांना ‘राजे घोरपडे बहादर’ हा किताब दिला. म्हणजे मराठी सरदार, मराठी रानातलं जनावर, आणि किताब देणारा मुसलमान सुलतान. पुढं या घोरपड्यांतलेच कापशीचे संताजी छत्रपती राजारामांचे सेनापती झाले. त्यांच्या पदरी असलेल्या नारो महादेव जोशी या ब्राह्मणानं धन्याविषयीच्या कृतज्ञतेनं घोरपडे हेच आडनाव घेतलं. इचलकरंजीचे जहागीरदार ते हेच. एक सरपटणारा प्राणी तीन समाजांच्या हातांतून गेला आणि कुणालाही तो परका वाटला नाही. विशाळगडाचं नाव गेल्या काही वर्षांत ज्या कारणांनी कानावर येतं, तेव्हा मला ही घोरपड आठवते.

यातलं बरंचसं मी विद्यार्थ्याला पुन्हा फोन करून सांगितलं. त्यानं ते घरी सांगितलं. खालाच्या मुलाला जैनब बिंत जहश यांची गोष्ट पटली, अगदी ऐकून गप्प झाला म्हणे. तरी अकीक्याच्या दिवशी गेलो तेव्हा पाटीवर नाव होतं अंदलीब. अरबी नाव, यादीत होतं, सगळ्यांना चाललं. अर्थ बुलबुल.

मी काही बोललो नाही. बिर्याणी खाऊन निघालो तेव्हा आत पाळण्याजवळ त्या मुलीची पणजी बसली होती, मैनाबीची सासू. नव्वदीच्या घरातली बाई. ‘अंदलीब’ तिच्या जिभेवर बसत नव्हतं. ती पाळण्याची दोरी ओढत म्हणत होती, “सो जा गे मैना.”