पेशीच्या दारावरचे प्रथिन

उंदराची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. ते उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन नवजात पिल्लांना उंदराच्याच लालाग्रंथीचा अर्क टोचत होते, आणि या पिल्लांचे डोळे सातव्या दिवसाच्या आसपासच उघडत होते. दातही लवकर येत होते. खरे तर कोहेन आणि त्यांच्या सहकारी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी चेतापेशींची वाढ घडवणाऱ्या पदार्थाच्या मागावर होते. पण अर्कात आणखी काहीतरी आहे हे कोहेन यांनी हेरले आणि १९६२ मध्ये ते वेगळे केले. अवघ्या ५३ अमिनो आम्लांचे ते प्रथिन म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. या दोघांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ईजीएफ पेशीच्या आत न शिरताच पेशीला 'विभाजन कर' असे सांगते. मग हा निरोप आत जातो कसा? त्यासाठी पेशीपटलात एक ग्राही प्रथिन बसवलेले असते. त्याचे एक टोक बाहेर, मधला भाग पटलातून आरपार आणि दुसरे टोक आत. बाहेर ईजीएफ येऊन चिकटले की आतल्या टोकावर फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि निरोपांची साखळी सुरू होते. १९८४ मध्ये या ग्राहीची रचना उलगडली, तेव्हा कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी तिचे विलक्षण साम्य दिसले. विषाणूने जणू ग्राहीचे बाहेरचे टोक छाटून, सदैव चालू राहणारे दारच पळवले होते!

त्याच काळात सॅन दिएगो येथे जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांना एक साधी कल्पना सुचली. दारच अडवले तर? एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिलेली होती. तिच्या आधारे त्यांनी ग्राहीवर घट्ट बसणारे प्रतिपिंड मिळवले. त्याचा क्रमांक होता २२५. पुढे त्याचा बराचसा भाग मानवी करून जे औषध झाले ते सेटुक्सिमॅब. त्याच्या मंजुरीच्या वेळी शेअर बाजारात जो गोंधळ झाला आणि कंपनीच्या संस्थापकाला तुरुंगात जावे लागले, ती कथा आपल्या विषयाबाहेरची आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

औषध कोणाला द्यायचे, हे ठरवण्याचा मार्ग सर्वांना उघड वाटला. गाठीचा पातळ छेद घ्यायचा, ग्राही प्रथिनाला रंग देणारी चाचणी करायची, आणि तपकिरी रंग दिसला तरच औषध द्यायचे. कुलूप असेल तर किल्ली चालेल, नसेल तर चालणार नाही. पाठ्यपुस्तकातली कुलूप-किल्लीची आकृती आपण सर्वांनी फळ्यावर काढलेली आहे. पण युरोपातील ज्या मोठ्या चाचणीवर ही परवानगी आधारलेली होती, तिच्यातच रंगाचा गडदपणा आणि औषधाचा गुण यांचा मेळ बसत नव्हता. या चाचणीत ३२९ रुग्ण होते. सेटुक्सिमॅब जुन्या औषधाच्या जोडीने दिले तेव्हा सुमारे २३ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, एकटे दिले तेव्हा ११ टक्क्यांच्या. २००५ मध्ये तर आणखी चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध झाली. ज्यांच्या गाठीत रंग अजिबात दिसला नव्हता अशा १६ जणांना औषध दिले, आणि त्यांतील चौघांना गुण आला.

उत्तर दारात नव्हते, दाराच्या आत होते. ग्राहीकडून निघालेला निरोप के-रास नावाच्या प्रथिनाकडे जातो. हे प्रथिन विजेच्या बटनासारखे आहे: चालू होते, काम झाले की बंद होते. मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के कर्करोगांत त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले असते आणि बटन चालूच अडकून बसते. मग बाहेरचे दार अडवून काय उपयोग? २००६ मध्ये फ्रान्समधील आस्ट्रिद लिएव्र आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्ण तपासले. गुण आलेल्या ११ जणांपैकी एकाच्याही गाठीत हे उत्परिवर्तन नव्हते, गुण न आलेल्या १९ पैकी १३ जणांत होते. २००८ मध्ये कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील एका चाचणीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून हाच निष्कर्ष पक्का झाला. के-रास शाबूत असलेले रुग्ण औषधाविना मध्यमानाने ४.८ महिने जगले, तर औषध घेऊन ९.५ महिने. उत्परिवर्तन असलेल्यांत हे आकडे होते ४.६ आणि ४.५.

या शेवटच्या दोन आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. त्या चाचणीतील ४२ टक्के रुग्ण या गटातले होते. ज्यांच्या वाट्याला औषध आले त्यांनी दर आठवड्याला सलाईनवाटे ते घेतले, चेहऱ्यावर आणि छातीवर मुरुमांसारखे पुरळ सोसले, कारण हेच ग्राही त्वचेतही असते, आणि पदरात काहीच पडले नाही. पहिल्या चार वर्षांत बाहेरही अनेकांचे असेच झाले असणार. आमच्या मते चूक प्रयोगाची नव्हती, गृहीतकाची होती. प्रथिन 'आहे' यावरून पेशी त्याच्यावर 'अवलंबून आहे' असे मानले गेले.

मात्र रंगाची चाचणी सर्वत्रच फोल ठरली असे नाही. जठराच्या कर्करोगात हर-२ हे याच कुळातले ग्राही ज्यांच्यात भरपूर, त्यांनाच ट्रास्टुझुमॅबचा चांगला उपयोग होतो, हे २०१० मध्ये दिसले. अर्थात तिथेही उपचारानंतर काही गाठींच्या पृष्ठभागावरून हर-२ नाहीसेच होते.

आतड्याच्या गाठीही दाराशी खेळ करतात. २०१२ मध्ये काही रुग्णांत ग्राहीच्या बाहेरच्या टोकावरील एकच अमिनो आम्ल, ४९२ व्या जागचे, बदललेले आढळले. तेवढ्याने सेटुक्सिमॅब चिकटेनासे झाले. गंमत अशी की पॅनिटुमुमॅब हे त्याच ग्राहीवरचे दुसरे प्रतिपिंड मात्र चिकटत होते.

त्याच वर्षी दाराचा प्रश्न अगदी उलट्या बाजूने पुढे आला. के-रासच्या पुढची कडी म्हणजे बी-राफ. तिच्यातील एक उत्परिवर्तन त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात वारंवार आढळते आणि तिथे वेमुराफेनिब या औषधाने निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी आकसत होत्या. आतड्याच्या कर्करोगात उत्परिवर्तन नेमके तेच, औषध तेच, पण २१ पैकी एकालाच गुण! ॲमस्टरडॅम येथे रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेत अनिरुद्ध प्रहल्लाद आणि इतरांनी या पेशींतील पाचशेहून अधिक जनुके आळीपाळीने मंद करून पाहिली. कोणते जनुक मंद केले की औषध चालू लागते? सापडले ते आपले जुनेच ग्राही.

घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह आठवा. पाणी वर आले की बॉल उचलला जातो आणि धार बंद होते. पेशीतही साखळीच्या शेवटाकडून दाराला 'आता पुरे' असा निरोप उलटा येत असतो. बी-राफ अडवले की साखळी मंदावते, हा उलटा निरोप थांबतो आणि ग्राही जोमाने काम करू लागते. टाकी खालून रिकामी करावी आणि वरून धार मोठी व्हावी, तसे. मेलॅनोमाच्या पेशींवर हे ग्राही फारच थोडे असते, म्हणून तिथे औषध चालले.

मग दार आणि कडी दोन्ही एकदम अडवायची. बी-राफवरचे एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब या जोडीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. २० टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, नेहमीच्या उपचाराने २ टक्के. जगण्याचे मध्यमान ५.४ महिन्यांवरून ८.४ वर गेले. वाढ तीन महिन्यांचीच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

के-रासच्या जी-१२-सी या एका विशिष्ट उत्परिवर्तनावर थेट बसणारे सोटोरासिब २०२१ मध्ये आले, तेव्हाही हेच घडले. फुप्फुसाच्या कर्करोगात ३७ टक्के रुग्णांना गुण, आतड्याच्या कर्करोगात जेमतेम १० टक्के. पुन्हा दाराकडे जावे लागले. पॅनिटुमुमॅबची जोड दिल्यावर प्रमाण २६ टक्क्यांवर गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत या जोडीला परवानगी मिळाली. के-रासमध्ये उत्परिवर्तन आहे म्हणून ज्यांना २००८ नंतर ग्राहीवरचे प्रतिपिंड नाकारले जात होते, त्यांच्यापैकीच काहींना आता ते दिले जाते.