कॅनबेरातला दुसरा माणूस

मंडळी, आपलं पेठ गाव पुणे–नाशिक रस्त्यावरचं. बाहेरच्यांना ते माहीत असतं सातगाव पठाराच्या बटाट्यामुळे. पण या रस्त्याच्या दोन्ही टोकांशी लढाऊ विमानं आहेत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दक्षिणेला लोहगाव, जिथे १९३९ पासून विमानतळ आहे. उत्तरेला ओझर, जिथे साठच्या दशकात मिग-२१ बांधायचा कारखाना उभा राहिला. आज लोहगावचं बोलू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, विमानविद्या आमची नव्हे. पण एका विमानाच्या रचनेतच नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न बसलेला आम्हाला दिसला, म्हणून हे धाडस.

ते विमान म्हणजे कॅनबेरा. ब्रिटिश बनावटीचं जेट बाँबर, पहिलं उड्डाण १३ मे १९४९. भारताने १९५७ मध्ये ही विमानं मागवली, त्यात बाँबफेकीची ५४ होती. चालवायला माणसं दोन : वैमानिक आणि नेव्हिगेटर. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली एकटा बसे. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या पोटात. नकाशे, वेळ, वारा, इंधन हा सगळा हिशेब त्याच्याकडे. लक्ष्य जवळ आलं की तो पुढे सरकून नाकातल्या काचेपाशी पालथा पडायचा आणि तिथून नेम धरायचा. म्हणजे विमान नेणारा एक, आणि खाली काय आहे ते खरं पाहणारा दुसरा.

आता मुद्द्याचं. वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटक होतं. आणीबाणीत कळ ओढली की खुर्चीसकट तो बाहेर फेकला जाई आणि छत्री उघडे. यालाच इजेक्शन सीट म्हणतात. भारताने घेतलेल्या बाँबर कॅनबेरात नेव्हिगेटरला अशी खुर्ची नव्हती. त्याने छत्री अडकवायची, बाजूच्या दारापर्यंत जायचं आणि उडी घ्यायची. विमान सरळ आणि पुरेशा उंचीवर असेल तर हे जमण्यासारखं. पेटलेल्या, गिरक्या खाणाऱ्या विमानात कसं जमावं?

हे आपल्यापुरतंच होतं असं कुणी समजू नये. ब्रिटिशांच्या व्हल्कन बाँबरमध्येही पुढच्या दोघांना इजेक्शन सीट, मागच्यांना नाही. १ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या हीथ्रोवर पावसाळी हवेत उतरताना एक व्हल्कन कोसळलं. पुढचे दोघे बाहेर पडले, त्यांतला एक एअर मार्शल होता. उरलेले चौघे गेले. जगाला हे दिसलं होतं. भारताने कॅनबेरा मागवली ती त्यानंतर, तीन-चार महिन्यांनी.

लोहगावच्या कॅनबेरांचं नाव झालं ते गोव्यात. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी ३५ व्या स्क्वाड्रनची १२ विमानं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघाली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी ६३ हजार पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले. मागोमाग १६ व्या स्क्वाड्रनची ८ विमानं गेली. हुकूम असा होता, की धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानंही शाबूत राहिली, आणि पोर्तुगीजांनी त्या रात्री धावपट्टी घाईघाईने डागडुजून ती दोन्ही पळवून नेली. ही गोष्ट पुष्कळदा हसत हसत सांगितली जाते, बघा कशी निसटली म्हणून! आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. नाकात पालथं पडून, काही सेकंदांच्या अवधीत, पट्टी आणि इमारत यांत फरक करायचा. आणि तो करणाऱ्यांना त्या सकाळी परतीची खात्री कुणी दिली नव्हती. संयम हा शब्द आम्ही वर्गात फार सोपा करून शिकवत होतो.

गोव्यात प्रतिकार फारसा नव्हता, म्हणून खुर्चीचा प्रश्न झाकून राहिला. १९६५ च्या युद्धात तो उघडा पडला. कॅनबेरा रात्री जायच्या, कारण दिवसा शत्रूची लढाऊ विमानं वेगाने सरस होती. २१ सप्टेंबरला, युद्धविराम दोन दिवसांवर असताना, रात्रीच्या मोहिमेवरून परतणाऱ्या एका कॅनबेराला पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने गाठलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट मनमोहन लोवे बाहेर फेकले गेले आणि युद्धकैदी झाले. नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर विमानाबरोबर गेले.

इथे घाईने निवाडा करू नये. नेव्हिगेटर उडी घेईपर्यंत वैमानिकाने थांबावं, विमान सरळ धरावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ‘करायला हवं होतं’ असं म्हणायचं तर ‘करता आलं असतं’ हे आधी दाखवावं लागतं, असं कांट सांगून गेला. क्षेपणास्त्राचा तडाखा बसलेल्या विमानात थांबायला वेळ कुठे असतो? लोवेंवर बोट ठेवायला जागाच नाही. निवड झाली होती ती त्या रात्रीच्या कितीतरी आधी, इंग्लंडमधल्या एका आराखड्याच्या कागदावर. आणि पुढे ज्यांनी तो आराखडा पाहून विमान पसंत केलं त्यांच्या टेबलावर. तिथे कुणी दुष्ट नव्हतं. वजन, जागा, वेग, किंमत यांची बेरीज होती. त्या बेरजेत एका माणसाचा जीव दुसऱ्यापेक्षा कमी धरला गेला, आणि बेरीज करणाऱ्यांना ते त्या शब्दांत कधी म्हणावं लागलं नाही.

आणि हे ठाऊक असूनही माणसं रोज रात्री त्या दारातून आत शिरत होती. त्यांना आपल्याकडे धड नावही नाही. वर्तमानपत्रं ‘वैमानिक’ एवढंच लिहितात, त्यात दुसरा माणूस आपोआप पुसला जातो. कोशांत ‘मार्गनिर्देशक’ वगैरे सापडेल, पण हवाई दलातल्या मराठी माणसाच्या तोंडी तो शब्द आम्ही ऐकला नाही, म्हणून आज नेव्हिगेटरच म्हणत आलो.

कॅनबेरा आपल्याकडे ११ मे २००७ पर्यंत उडत राहिली. पुढच्या वेळी आपण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, ओझरला जाऊ. मिग-२१ मध्ये खुर्ची एकच, आणि ती उडणारी. तिथला प्रश्न निराळा आहे.