परळची किरणे आणि कार्बनचा प्रश्न

गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचला की शस्त्रक्रियेचा पर्याय सहसा उरत नाही. सारी भिस्त किरणोपचारांवर असते. या टप्प्याला डॉक्टर 'तीन-बी' म्हणतात. परळच्या टाटा रुग्णालयाचा इतिहास धुंडाळताना मला सर्वांत मोलाचे वाटले ते याच टप्प्यावरचे काम.

रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेल्या मेहरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ. मेहरबाई या होमी भाभांच्या आत्या. पुढे १९६२ मध्ये रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे आला. अणुविज्ञान आणि रुग्णसेवा परळला अशी एका छताखाली आली.

याच विज्ञानाची एक पुढची शाखा म्हणजे कार्बन किरणोपचार. जपानमधील चिबा येथे १९९४ मध्ये ते रुग्णांवर सुरू झाले. क्ष-किरण वाटेतल्या निरोगी भागातही ऊर्जा सांडत जातात. वेगवान कार्बन-अणुकेंद्रे मात्र बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या शेवटी, गाठीतच टाकतात. मोठ्या गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तिथल्या पेशी साध्या किरणांना दाद देत नाहीत. कार्बनपुढे त्यांचा हा बचाव दुबळा पडतो. गर्भाशयमुखाच्या मोठ्या गाठींवर जपानी डॉक्टरांनी तो वापरला. सुरुवातीच्या चाचण्यांत काहींच्या आतड्यांना गंभीर इजा झाली, तेव्हा आतड्यांवर पडणाऱ्या मात्रेला मर्यादा घालावी लागली.

यासाठी अवाढव्य त्वरक यंत्र आणि तेवढाच अवाढव्य खर्च लागतो. टाटा केंद्राच्या खारघर येथील आवारात २०२३ मध्ये उपचार सुरू झाले ते प्रोटॉनचे. प्रोटॉनही गाठीपाशी थांबतात, पण गाभ्यातील चिवट पेशींवर कार्बनइतके भारी पडत नाहीत.

मग परळने काय केले? १९९९ मध्ये अमेरिकेतून सूचना आली, की किरणांसोबत सिस्प्लॅटिन हे औषध द्यावे. पण ज्या चाचण्यांवर ती बेतली होती, त्यांत तीन-बीच्या रुग्ण थोड्या होत्या. आपल्याकडच्या उशिरा आलेल्या, अशक्त स्त्रियांना ते झेपेल का, ही खरी शंका होती. डॉ. श्याम श्रीवास्तव व सहकाऱ्यांनी २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांवर ते तपासले. निम्म्यांना केवळ किरण, निम्म्यांना सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातील ४६ जणी हयात होत्या, दुसऱ्यात ५४. शंभरामागे आठ जीव, तेही जुन्या, स्वस्त औषधाने.

या आकड्यांमागे आठवडेच्या आठवडे परगावी काढणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यासारख्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. मुक्काम परवडला नाही आणि उपचार अर्धवट राहिले, तर औषध कितीही स्वस्त असो, व्यर्थच.

कार्बनला माझा विरोध नाही. चिवट गाठींसाठी तो उद्या लागेलही. मात्र त्याला प्रश्न परळच्या रीतीनेच विचारावा: सोबतच्या साध्या उपचारापेक्षा तो शंभरामागे आणखी किती जीव वाचवतो? आणि त्याच पैशात सोलापूर-लातूरची किती बाई उपचार पुरे करून घरी परतली असती?