आधी जहाजाचे पैसे, मग माणसांचे

डोंबिवलीत मी प्रवासविमा विकते. निवृत्तीनंतर वर्षातून दोन-तीनदा क्रूझला जाणारी जोडपी माझ्याकडे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, दर फेरीला वेगळा घ्यायचा की एकदम वर्षाचा?"

हा प्रश्न आगगाडीच्या तिकीटखिडकीवर जन्मला. इंग्लंडात १८४९ साली रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी सुरू झाली. पहिल्या वर्गाच्या उतारूने तिकिटाबरोबर तीन पेन्स जास्त दिले की अपघाती मृत्यूला १,००० पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत ५००, तिसऱ्याला एका पेनीत २००. प्रवास दहा मैलांचा असो की दोनशे, हप्ता तोच. पुढे ही कंपनी एका फेरीचा आणि सबंध वर्षाचा असे दोन्ही विमे स्टेशनांवर विकू लागली.

समुद्राला मात्र विमेवाले बिचकत. जहाजाचा आणि मालाचा विमा शतकानुशतकं चालत आलेला, उतारूचा जीव वाऱ्यावर. जुन्या इंग्रजी आयुर्विमा पॉलिसींमधलं एक कलम वाचलं की मला आजही राग येतो. विमा उतरवलेला माणूस परवानगीवाचून युरोपाबाहेर गेला किंवा समुद्रावर मेला, तर पॉलिसी रद्द. त्याच कलमात आत्महत्या आणि फाशी! मुंबईला नोकरीवर निघालेल्या साहेबाला म्हणूनच आधी कंपनीची परवानगी काढावी लागे आणि वर जादा हप्ता भरावा लागे.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली. जहाजाचा १० लाख पौंडांचा विमा महिन्याभरात चुकता झाला. वारसांनी आणि वाचलेल्यांनी अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरचे दावे लावले, तेव्हा मालकांनी मर्यादित जबाबदारीचा कायदा पुढे केला. फेरीअखेर जहाजाचं जे उरलं, तेवढीच जबाबदारी. आणि उरल्या होत्या त्या जीवनौका नि वसूल झालेलं भाडं. अखेर १९१६ साली ६,६४,००० डॉलरवर तडजोड झाली. चार वर्षं!

आजच्या क्रूझवर खरी भीती आजारपणाची. जहाजावरचा डॉक्टर फी घेतो, हृदयविकार उद्भवला तर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा जवळच्या बंदरात उतरवावं लागतं, आणि आपला घरचा मेडिक्लेम बहुधा देशाच्या सीमेवरच संपतो. म्हणून रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, ते मी आधी बघते. मग जुना मधुमेह, रक्तदाब लेखी कळवला आहे ना, ते. वर्षाच्या विम्यात फेऱ्या कितीही करता येतात, पण प्रत्येक फेरीला दिवसांची मर्यादा असते: कुठे ३०, कुठे ४५, कुठे ६०. छोट्या फेऱ्या वारंवार करणाऱ्यांना तो परवडतो. तीन महिने जगप्रदक्षिणेला निघालेल्यांना मात्र मी त्या एका प्रवासाचाच विमा घ्यायला लावते, हप्ता जास्त पडला तरी.