क्रीडाक्षेत्रातील जुगार आणि दंडाची न्याय्यता : एक ऐतिहासिक विवेचन
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठवाड्यातील यात्रा-जत्रांमध्ये कुस्त्यांच्या दंगलीला मानाचे स्थान आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो वा लातूरची सिद्धेश्वर यात्रा, इनामाच्या कुस्त्या पाहण्यासाठी पंचक्रोशीतील माणूस लोटतो. दोन मल्लांनी आतून संगनमत करून लढलेल्या लुटुपुटीच्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ असा स्वतंत्र शब्दच आहे. निकाल आधी ठरवून प्रेक्षकांची फसवणूक करण्याचा दोष आजचा नाही, हे या एका शब्दावरून स्पष्ट होते.

मात्र असा दोष उघड झाल्यानंतर दंड कोणाला होतो, किती होतो आणि तो कोणत्या रीतीने दिला जातो, या प्रश्नांचा इतिहास आपल्याकडे फारसा तपासला गेलेला नाही. शिक्षेच्या कठोरपणाची चर्चा विपुल होते. तिच्या समान अंमलबजावणीची चर्चा मागे पडते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) जुगार व दंड यांविषयीच्या भारतीय विचारपरंपरेचा आढावा घेणे.
२) सन २००० व सन २०१३ मधील क्रिकेट प्रकरणांतील शिक्षांचा तौलनिक अभ्यास करणे.
३) सदर अभ्यासातून महाविद्यालयीन क्रीडा प्रशासनास उपयुक्त असे निष्कर्ष काढणे.

प्राचीन विचार व आधुनिक कायदा :

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या संसाराची वाताहत वर्णिली आहे, तर महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीने उपस्थित केलेला प्रश्न हा मुळात अधिकाराचा व न्याय्य पद्धतीचा प्रश्न आहे. तथापि दंडाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे विवेचन कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळते. कौटिल्याने जुगारावर सरसकट बंदी न घालता तो द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली एकाच ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. जिंकलेल्या द्रव्याचा शेकडा पाच भाग द्यूताध्यक्षाने घ्यावा, असेही तो सांगतो.

याच प्रकरणात एक मतभेद नोंदविलेला आहे. द्यूतविषयक तक्रारीत जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्यास अधिक दंड असावा, असे पूर्वाचार्यांचे मत होते. कौटिल्य ते नाकारतो. हरलेल्यासच दुप्पट दंड होऊ लागला तर राजाकडे दाद मागण्यास कोणीच येणार नाही, हा त्याचा युक्तिवाद आहे. दंडाने तक्रारीचा मार्ग बंद होता कामा नये, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आपल्यासमोर येते. पुढील विवेचनात या तत्त्वाकडे पुन्हा यावे लागेल.

ब्रिटिश काळात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईचा कायदा येथे प्रारंभी लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडे लावले जात. त्यातून वाढलेला मटका पुढे राज्यभर पसरला. या संपूर्ण कायदेशीर चौकटीचे लक्ष्य जुगाराचा अड्डा आणि जुगार खेळणारा हे होते. मैदानावरील खेळाडूने पैशासाठी खेळ विकणे या कृत्याचा त्या काळच्या कायदेकर्त्यांनी स्वतंत्र विचार केलेला नव्हता. ही उणीव पुढे महत्त्वाची ठरली, कारण खेळाडूंना दंड करण्याचे काम प्रामुख्याने क्रीडासंस्थांच्या अंतर्गत नियमांवर येऊन पडले.

सन २००० चे प्रकरण :

एप्रिल २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सट्टेबाजाशी झालेले संभाषण दिल्ली पोलिसांनी उघड केले. त्यानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाची चौकशी झाली आणि डिसेंबर २००० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मोहम्मद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजीव, तर अजय जडेजा व मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जनमताच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. न्यायालयाच्या दृष्टीने ते येथे सुरू झाले. जडेजा यांना दिल्ली उच्च न्यायालयाकडून २००३ मध्ये दिलासा मिळाला. अझरुद्दीन यांच्यावरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरविली. तोपर्यंत त्यांनी वयाची ४९ वर्षे पूर्ण केली होती आणि ९९ कसोटी सामन्यांवर थांबलेली त्यांची कारकीर्द पुन्हा सुरू होण्याची शक्यता उरलेली नव्हती.

यातून दुहेरी हानी झाली. शिक्षा योग्य असल्यास ती कायद्यापुढे टिकली नाही. अयोग्य असल्यास बारा वर्षे भोगून झाली. दोन्ही पर्यायांत न्याय झाला असे म्हणता येत नाही.

याच काळातील ऑस्ट्रेलियाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. १९९४ च्या श्रीलंका दौऱ्यात सट्टेबाजास पैशाच्या मोबदल्यात माहिती पुरविल्याबद्दल मार्क वॉ व शेन वॉर्न यांना तेथील मंडळाने १९९५ मध्ये दंड केला, पण ही गोष्ट गुप्त ठेवली. ती १९९८ च्या डिसेंबरमध्ये जगापुढे आली. दोघांपैकी कोणावरही बंदी आली नाही.

सन २०१३ चे प्रकरण :

१६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्स संघाच्या एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक केली. महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ मध्ये केलेला आणि पुढे दिल्लीत लागू झालेला मोक्का या खेळाडूंवर लावण्यात आला. १३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळाने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. सट्टेबाजाने संपर्क साधल्याची माहिती न कळविल्याबद्दल सिद्धार्थ त्रिवेदी यास एक वर्षाची बंदी झाली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणातील सर्व आरोपींना दोषमुक्त केले. मंडळाची बंदी मात्र कायम राहिली.

श्रीशांत यांनी केरळ उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा कारवाईचा अधिकार मान्य केला. परंतु शिक्षेची तीव्रता ठरविताना आवश्यक त्या बाबी विचारात घेतल्या गेल्या नाहीत म्हणून आजीव बंदी रद्द करून फेरविचाराचा आदेश दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाच्या लोकपालांनी ही बंदी सात वर्षांची केली. त्यानुसार ती सप्टेंबर २०२० मध्ये संपणार होती. चव्हाण यांची शिक्षा त्याच दिवशीची व तेवढीच होती. परंतु त्यांची बंदी सात वर्षांवर आणणारा निर्णय २०२१ मध्ये, म्हणजे सात वर्षांची मुदत उलटून गेल्यानंतर आला. एकाच दिवशी झालेल्या समान शिक्षेतून सुटण्याची वेळ अशा रीतीने वेगवेगळी ठरली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत, चिकाटी व प्रसिद्धी ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी दार आधी उघडते, हा यातून निघणारा बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

संघमालकांच्या बाबतीत चित्र आणखी बोलके आहे. गुरुनाथ मय्यप्पन यांच्यासंबंधी मंडळाने नेमलेल्या दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने जुलै २०१३ मध्ये निर्दोषत्वाचा निर्वाळा दिला. ती समितीच नियमबाह्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने लगेच स्पष्ट केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुद्गल समिती व त्यानंतर लोढा समिती नेमली, तेव्हा १४ जुलै २०१५ रोजी मय्यप्पन व राज कुंद्रा यांच्यावर आजीव बंदी आणि दोन्ही संघांवर दोन वर्षांची बंदी आली. म्हणजे खेळाडूस शिक्षा होण्यास चार महिने पुरले, तर वरच्या वर्तुळापर्यंत ती पोहोचण्यास दोन वर्षे आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. मुद्गल समितीने बंद लिफाफ्यात दिलेली खेळाडूंची नावे न्यायालयाने जाहीर केली नाहीत.

महाविद्यालयीन खेळ : अमेरिकेचा अनुभव

वरील सर्व उदाहरणे व्यावसायिक खेळांतील आहेत. प्रत्यक्ष विद्यार्थी-खेळाडूंच्या संदर्भात १९५१ चे न्यूयॉर्कमधील बास्केटबॉल प्रकरण अभ्यासनीय आहे. आदल्याच वर्षी दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या सिटी कॉलेजचे खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचे अंतर कमी राखताना पकडले गेले. पुढे १९६१ मध्ये आयोवा विद्यापीठातील कॉनी हॉकिन्स या गरीब वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्यावर केवळ संशय आला. आरोप कधीही सिद्ध झाला नाही, तरी विद्यापीठ सुटले आणि प्रमुख व्यावसायिक संघटनेची दारेही बंद झाली. न्यायालयीन लढ्यानंतर १९६९ मध्ये त्यास प्रवेश मिळाला. संशय हीच शिक्षा ठरण्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नांदेड-लातूर परिसराचा संदर्भ :

मोठ्या शहरांतील या प्रकरणांशी आपला काय संबंध, असा प्रश्न सहकारी प्राध्यापक विचारतील. त्याचे उत्तर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावाने दिले आहे. जुलै २०२२ मध्ये पोलिसांनी उघड केल्यानुसार तेथे शेतात मैदान करून, मजुरांना व तरुणांना सामन्यामागे चारशे रुपये देऊन बनावट लीग खेळविली जात होती व तिच्या प्रक्षेपणावर रशियात सट्टा लागत होता. सामना गावचा असला तरी डाव परदेशात लागू शकतो, ही आजची वस्तुस्थिती आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये नांदेड येथे झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर, देगलूर, मुखेड या भागांतील महाविद्यालयांमधून येणाऱ्या खेळाडूंपैकी अनेकांचे घर कोरडवाहू शेतीवर चालते. त्यांच्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेतील प्रमाणपत्र ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. शासकीय सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षणामुळे खेळ हा नोकरीचा मार्ग आहे. अशा विद्यार्थ्यावर आलेली बंदी त्याच्या कुटुंबाच्या आशेवरची बंदी ठरते आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचे बळ त्याच्याजवळ नसते.

दुसरीकडे, समाजाने त्याच्यापुढे ठेवलेला संदेशही परस्परविरोधी होता. पैसे लावून खेळावयाच्या ‘फँटसी’ ॲपचे नाव २०२० मध्ये आयपीएलच्या शीर्षकात होते आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या पोशाखावर आले. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाल्यावर हे प्रायोजकत्व संपले. जे काल राष्ट्रीय संघाच्या छातीवर होते ते आज निषिद्ध आहे, हे वसतिगृहातील मुलास कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. न सांगता शिक्षा करणे न्याय्य ठरणार नाही.

निष्कर्ष :

१) शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची पद्धत निर्णायक ठरते. पद्धत सदोष असल्यास बलवान सुटतो व दुर्बल पूर्ण शिक्षा भोगतो.

२) सट्टेबाजाने संपर्क साधल्याची माहिती देणारा आणि पैसे घेणारा यांत महाविद्यालयाने स्पष्ट भेद करावा. माहिती देणारा विद्यार्थी संशयित ठरू लागला तर, कौटिल्याने म्हटल्याप्रमाणे, दाद मागण्यास कोणीच येणार नाही.

३) खेळाडूस स्पर्धेपूर्वी मराठीत लेखी नियम द्यावेत. आरोप लेखी असावा, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे, निर्णयाची कारणे नोंदवावीत आणि अपिलाची सोय विद्यापीठ स्तरावरच असावी.

४) जो नियम विद्यार्थ्यास, तोच संघव्यवस्थापक, पंच, स्पर्धा-आयोजक व क्रीडा संचालकास लागू असावा.

समारोप :

नुरा कुस्तीत फसवणूक आखाड्यात होते. पण पंचच एका मल्लाचे डाव मोजणार आणि दुसऱ्याचे पाहणार नसेल, तर तीही नुरा कुस्तीच होय. खेळाची शुचिता राखण्यासाठी दिलेला दंड स्वतः शुचितेच्या कसोटीस उतरला पाहिजे. क्रिकेट मंडळास हे शिकविण्यासाठी न्यायालयांची अनेक वर्षे खर्ची पडली. आपल्या महाविद्यालयांनी ते एखाद्या विद्यार्थ्याचे आयुष्य खर्ची घालून शिकू नये, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य आहे.