हे विचारायचा पगार कोण देतं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला विद्यापीठातली एक मुलगी आली होती. पीएचडी करते. हातात छापील प्रश्नावली. माहेर किती लांब, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, असं एकेकीला विचारत होती. आमच्यातल्या एका आजींनी तिलाच विचारलं, "पोरी, तुला हे विचारायचा पगार कोण देतं गं?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज इरावती कर्वे यांच्याबद्दल सांगते.

'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. १९२८ साली त्यांनी जर्मनीला शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. अख्खा जन्म बायकांच्या शिक्षणासाठी घालवलेला माणूस, पण घरच्या सुनेचं म्हटल्यावर अडलं! शेवटी त्यांचे यजमान दिनकरराव यांनी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. आपण गटात कर्जाचं कारण लिहून घेतो ना? बियाणं, दवाखाना, लग्न. 'बायकोचं शिक्षण' असं कारण मी अजून आमच्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.

बर्लिनला शिकून त्या परत आल्या. पण संशोधन करायला जागा कुठे होती? काही वर्षं त्यांनी महर्षींच्याच महिला विद्यापीठात कुलसचिवाचं काम केलं. म्हणजे कागदपत्रं, परीक्षा, कारभार.

पुण्यात येरवड्याजवळचं डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केलं होतं. जुने विद्यार्थी त्यासाठी कोर्टात भांडले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते पुन्हा उघडलं, या वेळी संशोधन संस्था म्हणून. इरावतीबाईंना तिथे समाजशास्त्राची जागा मिळाली. महिन्याचा पगार आला, ग्रंथालय मिळालं, आणि लिहिलेलं छापणारी संस्था पाठीशी उभी राहिली. शेजारच्या विभागात पुरातत्त्वाचे सांकलिया होते. त्यांच्याबरोबर त्या गुजरातेत लांघणजला उत्खननालाही गेल्या. तिथे फार जुन्या काळच्या माणसांचे सांगाडे सापडले.

त्यांचं मोठं काम मात्र आपल्या घरातलं आहे. मामा, आत्या, नणंद, जाऊ, या नात्यांना देशभर काय म्हणतात आणि सोयरिकी कुठे होतात, हे त्यांनी गोळा केलं. उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी घरात देतात. दक्षिणेत नात्यातच देतात. आपण मराठी माणसं मधली. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात, म्हणजे त्या मुलीची सासू तिची आत्याच असते. सासू आत्या असणं आणि सासू परकी असणं यातला फरक तुम्हाला मी काय सांगू! तो अभ्यासाचा विषय आहे हे इरावतीबाईंनी ओळखलं. पुस्तक आलं १९५३ साली. नोकरी लागल्यापासून चौदा वर्षं. इतकी वर्षं थांबणारं कर्ज कुठला गट देईल? म्हणून अशा कामाला विद्यापीठ लागतं.

पुढे कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये छापली. धरणात पाणी किती, हे सरकारी कागदात असतंच. उठलेली माणसं कुठे गेली, कशी राहतात, ते दारात जाऊन विचारावं लागतं. माझी तक्रार एकच. ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. ज्या बायकांनी उत्तरं दिली, त्यांच्यातल्या कितीजणींना ती वाचता आली असती?

आता आजींचा प्रश्न. आज संशोधकांना विद्यापीठ अनुदान आयोगाची शिष्यवृत्ती असते. १९६९ पासून दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पैसे देते. तिचे पहिले अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ होते. हा पैसा सरकारी तिजोरीतला. साबणाची वडी घेताना तुम्ही-आम्ही कर भरतो, त्यातला.

त्या मुलीनेही न लाजता सांगितलं, की तिला शिष्यवृत्ती मिळते. आजी म्हणाल्या, "मग आमचेच पैसे की!" आणि तिला सांगितलं, जे लिहिशील त्यातलं आमच्या गावाचं तेवढं मराठीत करून आण, बैठकीत वाचून दाखव. तिने ते वहीत लिहून घेतलं. आम्हीही आमच्या इतिवृत्तात लिहिलं आहे, तारखेसकट.