उघाडीचं दार

साल 1932. भाद्रपदातली अमावास्या, मध्यरात्र. अलिबागच्या खारेपाटात, चरीजवळच्या बांधावर तुम्ही घोटाभर चिखलात उभे आहात. घड्याळ कुणाकडेच नाही, पण अवसेचं उधाण बाराच्या सुमाराला भरतं हे पोराटोरांनाही ठाऊक. एका हाताला खाडी फुगलेली, दुसऱ्या हाताला पोटरीवर आलेलं भात, आणि मध्ये नुसता मातीचा बांध.

"खांड गेली रे!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. अंधारातून माणसं धावतात. घरटी एक, याला इथे जोळ म्हणतात. रांग लागते आणि ओल्या मातीचं ढेकूळ तुमच्या हातात येतं. ते पुढे द्यायचं, दुसरं घ्यायचं. खारं पाणी आत शिरलं, तर जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातील. गंमत म्हणजे जमीन खोताची आणि बांध मात्र कुळांचा! पुढच्या वर्षी हीच माणसं संपावर जाणार आहेत, तेही तब्बल सहा वर्षं. तुम्हाला ते माहीत आहे. सांगू नका, हातातलं ढेकूळ पुढे द्या.

पहाटेपर्यंत खाडी उतरते. आता उघाडीपाशी या. बांधातून पाणी काढायची ही वाट. तिचं लाकडी दार फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. भरती ते दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून उघडतं. राखणदार नको, किल्ली नको. शेतीचा सगळा भरवसा ओहोटीच्या त्या चार घटकांवर.

1948चा खारजमिनीचा कायदा आणि 1979चा खारभूमी विकास कायदा तुम्ही भरभर ओलांडता. मधल्या काळात बांध सरकारी होत गेले, जोळ विरत गेली. आता खांड पडली की अर्ज जातो. अर्ज उधाणाच्या वेगाने जात नाही. तोवर शेतात तिवरं रुजतात आणि तिवरं तोडायला बंदी. ती बंदी चूक म्हणवत नाही, लाटेचा जोर तिवरंच मोडतात. पण ती बांधाबाहेर हवी होती, भाताच्या खाचरात नव्हे. 3 जून 2020ला निसर्ग वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कच्च्या बांधांकडे बघून कुणाला झोप लागली असेल?

आता 2050. तीच अमावास्या, तीच उघाडी. बांध वर चढवलाय, दार नवं आहे. पण समुद्राची पातळीच उचलली गेली आहे. ओहोटीही पूर्वीइतकी खाली जात नाही. 1932ला ज्या वेळी दार करकरलं होतं, ती वेळ टळून गेली तरी ते मिटलेलंच. आत पाऊस साचतोय, लोंब्या बुडू लागल्यात.

बांधावर कुणीतरी पंपाची वाट बघतंय. आणि एक म्हातारी बोटांवर मोजतेय, गावात घरटी एक म्हटलं तर किती माणसं निघतील.